एकाच पावसाची दोन कोडी

अक्षांशातला शेवटचा आकडा एकानं बदलला की जमिनीवर एक मीटर पंच्याऐंशी सेंटिमीटरचा फरक पडतो. रेखांशातला शेवटचा आकडा आमच्या न्यू जर्सीत त्याहून कमी सरकवतो, सुमारे एक मीटर चाळीस. उत्तरेकडे जाताना रेखावृत्तं एकमेकांच्या जवळ येत जातात म्हणून. अंश, मिनिटं आणि मिनिटाचे हजारावे भाग अशा रीतीनं लिहिलेले हे दोन आकडे हाताशी असले की अफाट जंगलातला नेमका एक दगड, नेमक्या एका ओकचं बूड गाठता येतं. जिओकॅशिंगचा सगळा खेळ एवढ्या भांडवलावर उभा आहे. कुणीतरी रानात एक डबा ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण चालत जायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा जिथे होता तिथे, जसा होता तसा ठेवून परत यायचं. आत वहीखेरीज काहीही नसलं तरी चालतं.

मला या खेळाची ओढ लागली ती त्यातल्या कोड्यांमुळे. पण त्याआधी खेळाविषयी थोडं सांगायला हवं, कारण ज्यांचा जन्म तारखेनिशी सांगता येतो असे खेळ थोडेच. उपग्रहांकडून येणाऱ्या जीपीएस संदेशात अमेरिकी सैन्य पूर्वी मुद्दाम चूक मिसळत असे; सामान्य माणसाच्या यंत्रावर जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसे. १ मे २००० च्या मध्यरात्री, अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशानं, ती मिसळ थांबली. ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. बादलीत वही, पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल आणि बीन्सचा एक बंद डबा. जागेचे आकडे त्यांनी इंटरनेटवर टाकले आणि काही दिवसांत लोक तिथे पोचले. इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावर यासारखं काही १८५४ पासून चालत आलं आहे. जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं तिथल्या क्रॅनमिअर पूलपाशी, इतक्या आत दलदलीत येऊन पोचणाऱ्यांनी आपलं कार्ड ठेवावं म्हणून, एक बाटली ठेवली होती. म्हणजे ‘मी इथवर आलो होतो’ हे अनोळखी माणसाला कळवण्याची हौस उपग्रहांपेक्षा बरीच जुनी आहे.

कोड्याच्या डब्याचं पान उघडलं की नकाशावर निळं प्रश्नचिन्ह दिसतं. ते जिथे दिसतं तिथे डबा नसतो. खरी जागा तिथून दोनेक मैलांच्या आत कुठेतरी असते आणि कोडं सुटल्याशिवाय ती कळत नाही. कोडी नाना तऱ्हांची असतात: सांकेतिक लिपी, सुडोकू, गाण्याच्या नोटेशनमध्ये दडवलेले आकडे. यातली पुष्कळशी मला कोरडी वाटतात. सुडोकू कुठल्याही जंगलाच्या गळ्यात बांधता येतो. त्याला त्या जागेशी देणंघेणं नसतं. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं असा नियम आहे, आणि तेवढंच नेमकं अंतर राखून रस्त्याकडेला शेकडो डब्या पेरून ठेवणारेही आहेत. मोटारीतून उतरायचं, सही करायची, पुन्हा बसायचं. त्यात मला रस नाही. मला आवडतं ते जागेतूनच उगवलेलं कोडं. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या फडात भेदिक सवाल टाकणारा शाहीर समोरच्याला पुराणं धुंडाळायला लावायचा. जवाब एका शब्दाचा असला तरी तो देण्यासाठी अख्खी कथा तोंडपाठ असावी लागे. चांगल्या जिओकॅश कोड्याची जात तीच. हवा असतो एक आकडा, पण तो मिळवायला अख्खा माणूस वाचावा लागतो.

आमच्या घरापासून दीड तासावर अ‍ॅपलेचियन ट्रेल जातो. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिन शिखरापर्यंत सुमारे ३,५०० किलोमीटरची ही पायवाट, चौदा राज्यांतून जाणारी. न्यू जर्सीच्या वाट्याला तिचे ७२ मैल येतात. पश्चिमेला डेलावेअर नदीनं डोंगर कापून काढलेली खिंड आहे, डेलावेअर वॉटर गॅप. तिथून वाट किटाटिनीच्या लांबलचक धारेवर चढते आणि उत्तरेला हाय पॉइंटपर्यंत ती धार सोडत नाही. एडिसन गावाच्या बाजूची मराठी कुटुंबं पानगळीचे रंग बघायला वॉटर गॅपला जातातच. डबे, थर्मास, एखादी आजी, दोन गाड्या. त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं, की वाहनतळाशेजारच्या झाडावर दिसणारी ती दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरी पट्टी अशीच झाडाझाडावरून जॉर्जियापर्यंत आणि मेनपर्यंत गेलेली आहे. एकावर एक दोन पट्ट्या दिसल्या तर पुढे वळण. निळी पट्टी दिसली तर ती आडवाट: पाण्याकडे, निवाऱ्याकडे किंवा एखाद्या दृश्याकडे नेणारी.

या तुकड्यावर कुणी एकानं दहा-बारा कोड्यांची माळ गुंफली आहे. ती व्यक्ती पुरुष आहे की बाई, हे मला माहीत नाही. टोपणनावावरून कळत नाही आणि ते टोपणनाव मी इथे सांगणार नाही. माळेचा विषय एकच: या वाटेची माणसं. डबे सगळे राज्याच्या जंगलांत, परवानगी काढून, ट्रेलपासून बाजूला, निळ्या पट्ट्यांच्या आडवाटांवर ठेवलेले आहेत. नॅशनल पार्क खात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय डबा ठेवता येत नाही आणि नदीकाठची बरीचशी जमीन त्या खात्याची आहे. हे बंधन कोडीकारानं कसं वापरून घेतलं ते पुढे येईलच. कोड्यांची उत्तरं चारचौघांत सांगायची नाहीत हा या खेळाचा धर्म आहे. म्हणून पुढे जे सांगते त्यात माणसं खरी आहेत, सालं खरी आहेत. त्यातला कुठला आकडा कुठे बसतो ते मात्र मी सांगत नाही.

एका पानावर फक्त यादी होती. न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. कॅनव्हासचे बूट. घरी शिवलेली डेनिमची पिशवी. खाली तीन प्रश्न: तिला मुलं किती, नातवंडं किती, निघाली तेव्हा तिचं वय काय? नाव नाही, गाव नाही.

ती एमा गेटवुड. ओहायोतली शेतकरीण. नवऱ्याचा अमानुष मार वर्षानुवर्षं सोसून, शेवटी त्याच्यापासून वेगळी झालेली. अकरा मुलं, तेवीस नातवंडं. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ३ मे १९५५ रोजी, ती जॉर्जियातल्या माउंट ओगलथॉर्पवरून निघाली. तेव्हा ट्रेलचं दक्षिण टोक तिथे होतं. मुलांना तिनं एवढंच सांगितलं होतं, की जरा फिरायला जाते. आदल्या वर्षी उत्तरेकडून निघून तिचा बेत फसला होता, तेही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तंबू नाही, झोपायची पिशवी नाही. पावसात तो न्हाणीघराचा पडदा अंगावर घ्यायचा. २५ सप्टेंबरला ती कटाडिनच्या माथ्यावर पोचली. संपूर्ण ट्रेल एकटीनं, एका दमात चालून गेलेली पहिली स्त्री. पुढे १९५७ मध्ये पुन्हा, आणि १९६४ मध्ये तुकड्यातुकड्यांनी तिसऱ्यांदा.

हे वाचताना मी अकरा या आकड्यापाशी थांबले. अक्षांशात अकरा म्हणजे काही नाही, दोन सारखे एक. इथे ती अकरा बाळंतपणं आहेत. शेतावरच्या घरात, लाकडाच्या चुलीच्या धगीत, हात उगारणाऱ्या नवऱ्याच्या छपराखाली. मला वाहनतळापासून किती पावलं जायचं ते हवं होतं आणि समोर ही बाई येऊन उभी राहिली. नुसती माहिती म्हणून तिची गोष्ट वाचली असती तर ‘थोर बाई’ म्हणून पुढे गेले असते. कोड्यानं तसं जाऊ दिलं नाही. आकडा बरोबर आहे ना, हे ताडून बघायला दुसरीकडे वाचावं लागलं, मग तिसरीकडे. आणि प्रत्येक ठिकाणी ती बाई थोडी अधिक दिसत गेली.

माळेतली पुढची दोन कोडी भांडणाची होती. ट्रेलची कल्पना बेन्टन मॅकाय यांची. ते वनशास्त्र शिकलेले. १९२१ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नीनं जीव दिला आणि त्या दुःखातून वर येत असताना ते न्यू जर्सीत मित्राकडे राहायला आले. १० जुलै १९२१ रोजी, इथल्याच नेटकाँगजवळच्या हडसन गिल्ड फार्मवर, मॅकाय, क्लॅरन्स स्टाइन आणि चार्ल्स व्हिटेकर हे तिघं बसले आणि डोंगराच्या कण्यावरून जाणाऱ्या पायवाटेचा आराखडा नक्की झाला. ऑक्टोबरात तो वास्तुशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या मासिकात छापून आला. पण कागदावरची वाट जमिनीवर आणली ती बरीचशी मायरन एव्हरी या वकिलानं. एव्हरी हातात मोजणीचं चाक ढकलत सगळी वाट चाललेला माणूस. पूर्ण ट्रेल चालून झालेला पहिला. मॅकाय यांना वाट म्हणजे शहरी जगण्यावरचा उतारा वाटे. एव्हरी यांना ती सलग, मोजलेली, खुणा रंगवलेली, कुणालाही चालता येईल अशी हवी होती. डोंगरमाथ्यावरून मोटाररस्ता न्यायचा की नाही यावरून १९३५ च्या सुमारास दोघांचं बिनसलं ते कायमचं. १९३७ मध्ये वाट पुरी झाली. कोडीकारानं एकाच्या नावानं दिलेल्या कोड्यात चाकाचे फेरे मोजायला लावले, आणि दुसऱ्याच्या नावानं दिलेल्या कोड्यात एकही मोजमाप ठेवलं नाही. तिथे सगळी उत्तरं त्या लेखाच्या वाचनातून येतात. कुणाची बाजू घ्यायची हे सांगितलेलं नाही. मी मात्र एव्हरींची घेते. स्वप्न बघणाऱ्याचं नाव राहतंच. पावसापाण्यात चाक ढकलत जाणाऱ्याला कुणीतरी आपलं म्हणायला हवं.

अर्ल शेफरवरचं कोडं लहान होतं. दुसऱ्या महायुद्धातून परतलेला जवान, बालमित्र इवो जिमाच्या लढाईत गमावलेला. युद्ध अंगातून चालून काढायचं म्हणून १९४८ मध्ये तो निघाला आणि १२४ दिवसांत जॉर्जियाहून मेनला पोचला. एका हंगामात सलग चालणारा पहिला. लोकांचा सुरुवातीला विश्वास बसेना. १९९८ मध्ये, ऐंशीला टेकलेला असताना, त्यानं सगळी वाट पुन्हा चालून काढली. कोड्याला लागत होते फक्त ते दिवस.

आणि मग ते कोडं आलं ज्यासाठी मी हे लिहायला बसले.

पानावर एका बेटाचं नाव होतं: टॉक्स आयलंड. वॉटर गॅपच्या थोडं वर, डेलावेअरच्या पात्रातलं एक छोटंसं बेट. त्याखाली सहा रिकाम्या जागा. पूर कुठल्या साली आला? मंजुरी कुठल्या साली? उद्यान कुठल्या साली? मतदान, संरक्षण, रद्दबातल? माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. सालं शोधायचं काम तिनं अंगावर घेतलं आणि मी त्यांच्या मधलं वाचत गेले.

ऑगस्ट १९५५ मध्ये कॉनी आणि डायॅन ही दोन चक्रीवादळं आठवड्याच्या अंतरानं या भागावर येऊन आदळली. डेलावेअरला महापूर आला, माणसं गेली, पूल गेले. त्यानंतर पूरनियंत्रणासाठी टॉक्स बेटाजवळ मोठं धरण बांधायचं ठरलं. १९६२ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं मंजुरी दिली. नियोजित जलाशय सुमारे ३७ मैल लांब. त्याच्या काठावर लोकांना विहाराला जागा हवी म्हणून १९६५ मध्ये डेलावेअर वॉटर गॅपचं राष्ट्रीय विहारक्षेत्र जाहीर झालं. खोऱ्यातली शेतं, घरं, पिढ्यान्‌पिढ्यांचे वाडे सरकारनं ताब्यात घ्यायला सुरुवात केली. लोक निघाले. घरं पाडली गेली. वर धारेवर सनफिश पॉन्ड नावाचं हिमयुगातलं तळं आहे. तेही वीजप्रकल्पाच्या पोटात जाणार होतं. त्याच्यासाठी मोठी चळवळ झाली, आणि १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस स्वतः लोकांबरोबर डोंगर चढून तळ्यापर्यंत गेले. तळं वाचलं. धरणाचा खर्च वाढत गेला, विरोधही वाढला. १९७५ मध्ये चार राज्यांच्या गव्हर्नरांपैकी तिघांनी धरणाविरुद्ध मत दिलं. १९७८ मध्ये नदीच्या या भागाला मुक्त वाहण्याचं कायद्याचं संरक्षण मिळालं. कागदावरून प्रकल्प पुरता पुसला गेला तो १९९२ मध्ये.

धरण झालं नाही. पण खोरं तोवर रिकामं झालेलं होतं.

‘‘आई, एक मिनिट,’’ मुलगी म्हणाली, ‘‘एकोणीसशे पंचावन्न तर त्या आजीच्या कोड्यातपण होतं ना?’’

होतं. तोच ऑगस्ट. एमा गेटवुड तेव्हा न्यू जर्सी मागे टाकून वर न्यू इंग्लंडात होती आणि याच वादळांच्या पावसात भिजत चालली होती. फुगलेले ओहोळ तिला वाटेत आडवे येत होते. मी पान मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. कोडीकारानं दोन्ही कोड्यांना एकमेकांजवळचे क्रमांक दिले होते आणि त्याबद्दल कुठेही एक अक्षर लिहिलं नव्हतं. एकच पाऊस. तो एका बाईच्या अंगावरच्या पडद्यावरून ओघळून गेला आणि तोच पाऊस या खोऱ्यातल्या हजारो माणसांची घरं, पाण्याचा एक थेंबही न चढता, घेऊन गेला. हे जोडून बघणं मला एकटीला सुचलं नसतं. ते कुणीतरी आधी बघितलं होतं आणि दुसऱ्याला आपण होऊन दिसावं अशा बेतानं दोन पानांत ठेवून दिलं होतं. आयुष्यात न भेटलेल्या माणसाविषयी त्या संध्याकाळी मला जी आपुलकी वाटली, तशी फार थोड्या लेखकांविषयी वाटली आहे.

माझ्या आईचं आजोळ कोयनेच्या खोऱ्यात होतं. धरण झालं, शिवसागर भरला आणि ते गाव पाण्याखाली गेलं. खोऱ्यातली माणसं पांगली. कुणी ठाणे-कुलाब्याकडे, कुणी सांगली-सोलापूरकडे. लहानपणी हे इतक्यांदा कानावर पडलं होतं, की त्यातलं ऐकायचं राहिलं आहे हे लक्षातच आलं नव्हतं. टॉक्सची सहा सालं डोक्यात घोळत असताना मी आईला फोन लावला.

‘‘आई, तुझ्या आजोळात पाणी शिरलं ते कुठल्या साली गं?’’

‘‘साल आता कुठलं आठवायला,’’ ती म्हणाली. ‘‘मी तिसरी-चौथीत असेन. मामा बैलगाडीतून जातं घेऊन आला होता आपल्याकडे. जातं आणलं, पण उंबरा काढता आला नाही म्हणून आजी रडत होती. उंबऱ्यावर तिच्या सासूनं हळदीकुंकू वाहिलेलं.’’ मग थोडं थांबून, ‘‘तू का विचारतेयस एकदम? तिथे पण धरण बांधतायत का?’’

‘‘नाही गं. बांधलंच नाही. बांधणार म्हणून माणसं उठवली होती.’’

‘‘आणि मग परत आली का ती?’’

‘‘नाही.’’

‘‘मग बांधलं काय नि न बांधलं काय,’’ आई म्हणाली.

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला आहे आणि मला ते पूर्ण पटलेलं नाही. नदी वाहती राहिली हे थोडकं नाही. तिच्यात आजही शॅड मासे समुद्रातून वर चढून येतात, वर धारेवर सनफिश पॉन्ड आहे, सप्टेंबरात शिकारी पक्ष्यांचे थवे किटाटिनीवरून दक्षिणेला सरकताना दिसतात. कोयनेच्या पाण्यावर महाराष्ट्रातल्या किती घरांत दिवे लागले, हेही मला विसरता येत नाही. पण तिसरीतल्या ज्या मुलीनं बैलगाडीतलं जातं बघितलं, तिला हा हिशेब कोणत्या तोंडानं सांगावा? तिच्यापाशी साल नाही, उंबरा आहे. माझ्यापाशी सहा सालं होती आणि त्यातल्या एकाही घराचा उंबरा मला ठाऊक नव्हता.

म्हणून डबा शोधायला धारेवर चढण्याआधी आम्ही खाली खोऱ्यात गेलो. ओल्ड माइन रोडनं. मिलब्रुक नावाची एक जुनी वस्ती तिथे जपून ठेवली आहे. तिथे पाटीवर माहिती मिळते. त्याहून अधिक कळतं ते रस्त्याच्या कडेला, जिथे पाटी नाही. ओळीनं लावलेले दोन मोठे मेपल आणि त्यांच्यामध्ये काहीच नाही. जोत्याचे चार दगड. झाडीत शिरलेला रचीव दगडांचा बांध. आणि एका ठिकाणी, रानात कुणी लावायला जाणार नाही अशी, डॅफोडिल्सची सरळ रांग. मुलगी त्या रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि म्हणाली, ‘‘घर एवढं होतं.’’

या खोऱ्यात डबा ठेवायला परवानगी लागते, आणि मला वाटतं ती मिळाली असती तरी आमच्या कोडीकारानं इथे ठेवला नसता. आकडे आम्हाला वर घेऊन गेले. धारेवरची वाट म्हणजे नुसता दगड: गारगोटीचे पांढरे खडे गच्च रुतलेला शॉवनगंक खडक, चाळीसेक कोटी वर्षांपूर्वीचा. पाय सतत तिरका पडतो. कपारीत हात घालण्याआधी काठी घालायची, कारण उन्हाळ्यात घोणशीच्या जातकुळीचे खुळखुळे साप या खडकांवर ऊन खात पडलेले असतात. उतरल्यावर पोटऱ्या आणि मोजे तपासायचे, गोचिडी लागल्यात का ते. निळ्या पट्ट्यांची आडवाट एका उघड्या खडकावर संपली. तिथून खाली डेलावेअर दिसते, दोन्ही काठांच्या झाडीत, मोकळी, हळू चालीची. जलाशय झाला असता तर पाणी कुठवर आलं असतं याचा अंदाज बांधत मी उभी होते, तोवर मुलीला डबा सापडला. झाकणाला चार कड्या असलेला, हिरव्या रंगानं रंगवलेला साधा प्लास्टिकचा डबा.

वहीत नावं होती, तारखा होत्या. हवा कशी होती ते, अस्वल दिसलं ते, कुणाच्या तरी कुत्र्याच्या पंजाचा चिखलातला ठसा. धरणाबद्दल कुणीही काही लिहिलेलं नव्हतं. ते मला बरोबर वाटलं. कोडं सोडवून इथवर आलेल्या प्रत्येकाला ती सहा सालं ठाऊक होती. वहीत त्यांची कबुली देण्याची गरज नव्हती. मुलीनं आमची नावं लिहिली आणि मग विचारलं, ‘‘आज्जीच्या आजोळचं नाव लिहू का?’’ काना-मात्रा मला विचारत तिनं ते देवनागरीत लिहिलं.

आता मी स्वतः एक कोडं रचते आहे. हे काम सोडवण्याच्या अगदी उलट दिशेनं जातं. सोडवताना आकड्याकडून माणसाकडे जायचं असतं. रचताना जागा आधी ठरते, म्हणजे आकडे आधी ठरतात, आणि मग त्या ठरलेल्या आकड्यांना माणसं शोधायची. मी निवडला आहे तो १० जुलै १९२१ चा दिवस, कारण तो आमच्या राज्यात घडला आणि इथल्या फार थोड्या चालणाऱ्यांना ते ठाऊक आहे. डब्यासाठी एक शिळाही हेरून ठेवली आहे. तारखेतून, तिघांच्या नावांतून, मासिकाच्या अंकातून पाच आकडे नीट जुळले. रेखांशाचा शेवटचा मात्र जुळेना. तो सोडून दिला आणि दुसरा घेतला तर डबा दीडेक मीटर सरकतो, म्हणजे शेजारच्या खडकापाशी जातो. त्या खडकावर शेवाळाचा जाड थर आहे आणि शोधणाऱ्यांच्या बुटांखाली तो एका हंगामात खरवडून निघेल. तेव्हा शिळा तीच आणि आकडाही तोच हवा.

तो अखेर मॅकाय यांच्या १९२१ च्या लेखातच मिळाला. त्यांच्या आराखड्याचे भाग किती, एवढंच मी विचारणार आहे. पायवाट हा त्यातला पहिला भाग. ती झाली, आणि लोक तिथेच मोजायचं थांबतात. पण आराखड्यात डोंगरावर एकत्र राहणाऱ्या माणसांच्या वस्त्याही होत्या, त्या जमिनीवर कधी आल्या नाहीत. बरोबर आकडा हवा असेल तर त्यांच्यापर्यंत वाचत जावं लागेल. परवानगीचा अर्ज भरून ठेवला आहे. डबा मुलीनं रंगवला आहे.